अभ्यास जमतो हो, अडतं ते बाकीचं

ऑटिझम (स्वमग्नता) असलेली मुलगी कॉलेजात गेली आणि पहिल्याच सेमिस्टरला गाडी घसरली की घरचे चक्रावून जातात, कारण शाळेत तर ती छान मार्क मिळवत होती, मग आताच काय झालं? खरं सांगायचं तर अभ्यास तिला आजही जमतोय, पण शाळेत ठरलेलं टाइमटेबल होतं, तोच वर्ग, तोच बाक, डायरीत सही करणारे आईबाबा होते, आणि हे सगळं एकाच वेळी काढून घेतलं.

मेंदूची जी कामं प्लॅनिंग, सुरुवात करणं, एका कामातून दुसऱ्यात शिरणं यासाठी लागतात त्यांना एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात आणि ऑटिझममधे बऱ्याच जणांना नेमकं इथेच जड जातं. 'महिनाअखेर प्रोजेक्ट द्या' हे ऐकायला एक वाक्य आहे पण त्यात विषय ठरवणं, पुस्तकं शोधणं, सरांना विचारणं, लिहिणं अशी दहा कामं दडलेली असतात, आणि आपण त्याला आळस म्हणून मोकळे होतो. सरांनी हीच दहा कामं तारखांसकट लिहून दिली तर फार फरक पडतो, आणि गंमत म्हणजे फायदा अख्ख्या वर्गाला होतो.

आता कॅन्टीन घ्या. आपला मेंदू सततच्या आवाजाला सरावतो, पाच मिनिटांनी पंखा ऐकूच येत नाही. ब्रेन स्कॅनच्या अभ्यासात असं दिसलंय की ऑटिझम असलेल्या ज्या मुलांना आवाज-स्पर्शाचा जास्त त्रास होतो त्यांचा मेंदू असा सरावत नाही, किंवा खूप कमी सरावतो, म्हणजे पंखा तासभर पहिल्या मिनिटासारखाच घरघरत राहतो. हे नखरे नाहीत, 2013 साली आलेल्या डीएसएम-5 मधे, म्हणजे डॉक्टर मानसिक विकारांचं निदान करायला वापरतात त्या पुस्तकात, हा त्रास ऑटिझमच्या निकषांत धरलाय. त्यामुळे हेडफोन, दाराजवळची जागा, परीक्षेला वेगळी शांत खोली हे लाड नाहीत, चष्म्यासारखंच समजा.

आणि मग माणसं! 'काही अडलं तर केव्हाही या' असं सर म्हणतात, आता केव्हाही म्हणजे नक्की कधी? एक मुलगा जातच नाही, दुसरा सरांच्या जेवणाच्या वेळी दारात उभा राहतो. 'मंगळवारी 3 ते 4, केबिनमधे' एवढं सांगितलं की दोघांचंही काम होतं. डेमियन मिल्टन नावाच्या संशोधकाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, 2012 मधे डबल एम्पथी प्रॉब्लेम मांडला, म्हणजे गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही तसंच इतरांनाही त्याचं कळत नाही. मला तर हे पटतंच, कारण 'सोशल स्किल' शिकवायचं ते नेहमी एकाच पार्टीला.

यातून बरेच जण दिवसभर नॉर्मल दिसायची धडपड करतात, डोळ्यात डोळे घालून बोलायचं, ठरवून हसायचं, याला मास्किंग म्हणतात, आणि रूमवर आल्यावर अंगात काही उरत नाही. अशा वेळी 'जरा मिसळत जा' हा सल्ला कृपया देऊ नका. पार्टीपेक्षा रोबोटिक्स किंवा बुद्धिबळाच्या ग्रुपमधे दोस्ती सोपी जाते, कारण बोलायला विषय आयता असतो. ऑटिझमबद्दल कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे मात्र तिचं तिने ठरवायचं, आईबाबांनी परस्पर फोन फिरवायचे नाहीत.

आईबाबांना करण्यासारखं आहेच की. कॉलेज सुरू व्हायच्या आधी एकदा रिकाम्या कॅम्पसमधे फिरवून आणा, कुठून आत, वॉशरूम कुठे, शांत कोपरा कुठला. रोज फोनवर 'कसं चाललंय?' विचारलं तर 'ठीक' एवढंच उत्तर येणार, त्यापेक्षा विचारा, आज दुपारी किती वाजता जेवलीस? काही जणांना भूक, तहान, थकवा हे शरीराचे सिग्नलच नीट जाणवत नाहीत, त्यात कामात बुडाली की संध्याकाळ होते तरी पोट रिकामंच, म्हणून जेवणाचा अलार्म लावायचा, आणि तो वाजल्यावर बंद करून परत कामाला लागायचं नाही हेही स्पष्ट सांगायचं.