लढाऊ विमानांचे सिम्युलेटर : बिघाड पीसीचा, स्टिकचा की मॉड्यूलचा?

(आमच्या कोल्हापूर, इचलकरंजी, कागल आणि गडहिंग्लज भागातील ग्राहकांसाठी)

डीसीएस वर्ल्ड, फाल्कन बीएमएस किंवा आयएल-२ या पीसीवरच्या सिम्युलेटर गेममध्ये विमान उडवणारे ग्राहक पीसी घेऊन दुकानात येतात तेव्हा तक्रार साधारण एकच असते : "गेम मध्येच बंद पडतो." कधी दोष रॅममध्ये निघतो, कधी जॉयस्टिकच्या केबलमध्ये. कधी तो विमानाचं मॉड्यूल (गेमला जोडायचं वेगळं विमान किंवा नकाशा) बनवणाऱ्या परदेशी कंपनीकडे असतो, आणि तिथं आमचा स्क्रूड्रायव्हर पोचत नाही. अशा वेळी तुमच्याकडून दुरुस्तीचे पैसे घेणं आम्हाला बरोबर वाटत नाही. म्हणून मशीन उचलण्याआधी घरी एवढं करून पाहा. यातलं बहुतेक डीसीएसबद्दल आहे, कारण ॲड-ऑनचे घोळ तिथंच जास्त.

पहिली तपासणी : फोल्डरचं नाव बदला

तुमच्या युजर फोल्डरमध्ये 'सेव्ह्ड गेम्स' आहे, त्यात 'डीसीएस'. गेम बंद करून या फोल्डरचं नाव 'डीसीएस-जुना' करा आणि गेम सुरू करा. तो कोरा फोल्डर स्वतः तयार करतो. आता गेम नीट चालला तर पीसी ठणठणीत आहे. दोष तुमच्या मॉड्समध्ये (बाहेरून आणून टाकलेल्या जोड-फाइल्समध्ये), स्क्रिप्टमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे. मग जुन्यातून एकेक गोष्ट परत आणा : आधी 'कॉन्फिग'मधला 'इनपुट', मग 'मॉड्स', शेवटी 'स्क्रिप्ट्स'. प्रत्येक वेळी एकदा उडवून पाहायचं. सगळं एकदम परत टाकलंत तर काहीच कळणार नाही.

'स्क्रिप्ट्स' शेवटी ठेवण्याचं कारण त्यातली एक्सपोर्ट फाइल, म्हणजे गेममधली माहिती बाहेरच्या प्रोग्रामना देणारी फाइल. टॅकव्ह्यू (उड्डाणाची नोंद ठेवणारा), एसआरएस (रेडिओवर बोलण्याचा), डीसीएस-बायोस (घरगुती कॉकपिट पॅनेल जोडणारा) हे सगळे प्रोग्राम याच एका फाइलमध्ये आपापली ओळ घालतात. प्रोग्राम काढून टाकला तरी ओळ मागे राहू शकते. ती नसलेली फाइल शोधते आणि तिच्या खालच्या ओळी चालतच नाहीत. रेडिओ अचानक मुका झाला, तर आधी ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा.

ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा गेम अपडेट झाल्यावर चित्र फाटत असेल, तर त्याच 'डीसीएस' फोल्डरमधले 'एफएक्सओ' आणि 'मेटाशेडर्स२' हे फोल्डर रिकामे करा; त्यांत चित्र काढण्यासाठी साठवलेले शेडर असतात, ते गेम पुन्हा तयार करतो. पुढचं पहिलं मिशन लोड व्हायला वेळ लागेल, तो लागू द्या.

त्यानंतर डीसीएसचाच रिपेअर (बिघडलेल्या फाइल्स पुन्हा आणणारा प्रोग्राम) चालवा, सर्व फाइल्स तपासण्याचा पर्याय निवडून. एक इशारा : मुख्य इन्स्टॉल फोल्डरमध्ये हातानं टाकलेल्या जादा फाइल्स रिपेअर बाजूला काढू शकतो. म्हणून मोफत मॉड नेहमी 'सेव्ह्ड गेम्स'मध्येच टाका. ए-४ई स्कायहॉकचं मोफत मॉड तसंच बसतं : 'मॉड्स', त्यात 'एअरक्राफ्ट', त्यात मॉडचा फोल्डर. फोल्डरच्या आत पुन्हा त्याच नावाचा फोल्डर गेला की विमान यादीत दिसत नाही.

विमान यादीत दिसतं पण कॉकपिट उघडत नाही, तर अँटिव्हायरसचा क्वारंटाइन (संशयित फाइल्स वेगळ्या ठेवण्याची जागा) पाहा. मॉड्यूलची डीएलएल फाइल (विमानाचा तयार प्रोग्राम) त्यानं उचललेली असू शकते. गेमचे दोन्ही फोल्डर (मुख्य इन्स्टॉल आणि 'सेव्ह्ड गेम्स'मधला) अँटिव्हायरसच्या अपवादात टाकून मगच रिपेअर करा, नाहीतर आणलेली फाइल तो पुन्हा उचलेल.

रॅम आणि प्रोसेसर

१६ जीबी रॅमवर एकट्यानं मिशन निभावतं. गर्दीच्या मल्टिप्लेअर सर्व्हरवर मोठा नकाशा लोड होताना मेमरी संपते आणि लॉग (गेमनं लिहिलेली नोंदवही) मध्येच तुटतो. विंडोजच्या व्हर्च्युअल मेमरीत एसएसडीवर ३२७६८ एमबीची पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ठेवली तर क्रॅश टळतो, अडखळणं टळत नाही. त्यावर उपाय ३२ जीबी रॅम. मल्टिप्लेअर रोजचं असेल तर ६४.

इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे मोठे डेस्कटॉप प्रोसेसर, विशेषतः आय९, असतील तर मदरबोर्डचा बायोस आधी तपासा. जास्त व्होल्टेजमुळे ते हळूहळू खराब होत होते. इंटेलनं ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती) दिला, तो बायोस अपडेटमधून येतो. पण आधीच बिघडलेली चिप त्यानं बरी होत नाही. ग्राफिक्स कार्डात भरपूर मेमरी असूनही 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश, किंवा शेडर तयार होतानाच क्रॅश, ही तिची खूण. डबाबंद प्रोसेसरची वॉरंटी इंटेलनं २ वर्षांनी वाढवून ५ वर्षं केली आहे. तो बदलून मिळतो, नवा विकत घेऊ नका.

स्टिक, थ्रॉटल, पेडल

"काल लावलेली सगळी बटणं आज गायब" ही तक्रार आली की आम्ही आधी विचारतो, यूएसबी पोर्ट बदललात का? डीसीएस प्रत्येक उपकरणाची बायंडिंग (कोणतं बटण काय करतं ही नोंद) वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं, आणि फाइलच्या नावात महिरपी कंसात उपकरणाचा ओळख क्रमांक असतो. पोर्ट बदलल्यावर किंवा विंडोज नव्यानं टाकल्यावर हा क्रमांक बदलू शकतो. मग गेमला ती स्टिक नवी वाटते. जुनी फाइल तिथंच असते. नव्या फाइलच्या नावातला क्रमांक जुन्या फाइलला द्या, झालं. 'इनपुट' फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि प्रत्येक पोर्टवर पेननं खूण करा.

विमान आपोआप एका बाजूला कलत असेल, तर बहुधा दोन उपकरणं एकाच अक्षाला जोडली गेली आहेत. नवीन थ्रॉटल किंवा पेडल लावलं की डीसीएस त्यालाही स्वतःहून पिच (नाक वर-खाली) आणि रोल (पंख डावी-उजवीकडे कलणं) देतं. कंट्रोल्समध्ये 'ॲक्सिस' हा गट निवडा आणि स्टिकच्या स्तंभाखेरीज बाकी स्तंभांतले पिच-रोल पुसा. हे प्रत्येक विमानासाठी वेगळं करावं लागतं.

उडता उडता स्टिक क्षणभर तुटते का? डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी हबची वीज वाचवण्याची खूण काढा. स्टिक, थ्रॉटल, पेडल आणि हेड ट्रॅकर (डोक्याची हालचाल टिपणारं उपकरण) स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या एकाच हबवर लादू नका. तरीही तुटत असेल तर घराचं अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर आधी वायरमन बोलवा, मग आम्हाला.

जुलै-ऑगस्टच्या पावसात पोटेन्शिओमीटरवाली (घासणाऱ्या पट्टीवर हालचाल मोजणारी) थ्रॉटल आणि पेडल उड्या मारतात. दमट हवेनं आणि धुळीनं आतल्या कार्बन पट्टीवरचा संपर्क तुटतो. केबल काढून, पट्टीवर काँटॅक्ट क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारून, ३०-४० वेळा पूर्ण टोकापासून टोकापर्यंत हलवा, १५ मिनिटं वाळू द्या. खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचं तेल अजिबात नको. हॉल सेन्सरवाल्या (चुंबकानं हालचाल मोजणाऱ्या) स्टिकमध्ये हा त्रास नाही, कारण तिथं घासणारा भागच नसतो. टेबलाला बसवायची पट्टी हवी असेल तर उद्यमनगरात ५ मिमीच्या पत्र्यात छान करून मिळते. भोकांचं माप आमच्याकडून न्या.

मॉड्यूल कोणाचं, ते पाहून घ्या

डीसीएसचा पाया ईगल डायनॅमिक्सचा आहे, पण बरीच विमानं आणि काही नकाशे वेगळ्या कंपन्या बनवतात. मॉड्यूलचा मूळ कोड साधारणपणे बनवणाऱ्याकडे असतो, तुमच्याकडे येते ती तयार डीएलएल. पाया बदलला की मॉड्यूलही कुणीतरी पुन्हा जुळवून द्यावं लागतं. जुळवणारा निघून गेला की विमान एकेका अपडेटसोबत खिळखिळं होतं.

हे घडलेलं आहे. व्हीईएओ कंपनी २०१८ मध्ये बाहेर पडली आणि तिचं हॉक हे प्रशिक्षण विमान पुढच्या आवृत्त्यांत चालेनासं झालं. रॅझबॅम कंपनीचं एफ-१५ई विमान जून २०२३ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आलं. एप्रिल २०२४ मध्ये, पैसे थकल्यामुळे काम थांबवतोय, असं रॅझबॅमनं जाहीर केलं. ईगल डायनॅमिक्सनं उलट रॅझबॅमकडूनच कराराचा भंग झाल्याचं म्हटलं. कोण खरं हे आम्ही सांगू शकत नाही. पण मिराज २०००, हॅरियर, मिग-१९ आणि साउथ अटलांटिक नकाशा हेही रॅझबॅमचेच. मिराज आपल्या हवाई दलाचं विमान म्हणून इथं पुष्कळांना हवंसं वाटतं. पैसे भरण्याआधी त्याची आजची स्थिती नक्की पाहा.

वाद झाला की सगळं बुडतंच असंही नाही. लेदरनेक कंपनीची फाळणी झाली तेव्हा मिग-२१ हे विमान मॅग्निट्यूड ३ या कंपनीकडे आणि व्हिगन हे विमान हीटब्लर या कंपनीकडे गेलं, आणि दोन्ही पुढे चालत राहिली.

आमचा सल्ला सरळ आहे : पुढे काय येणार याच्या आश्वासनावर नको, आज जे चालतंय त्याला पैसे द्या. डीसीएसच्या स्वतःच्या दुकानातल्या बहुतेक मॉड्यूलची १४ दिवसांची मोफत चाचणी मिळते, ती वापरा. मागच्या तीन-चार अपडेटच्या बदलयादीत त्या विमानाचं नाव आहे का, पाहा. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलंत तर १४ दिवसांच्या आत आणि खरेदीनंतर मूळ गेम २ तासांहून कमी चालवला असेल तरच परतावा मिळतो. कंट्रोल लावण्यातच २ तास जातात, हे लक्षात ठेवा. स्टीमचं मॉड्यूल डीसीएसच्या स्वतंत्र (स्टीमशिवाय चालणाऱ्या) आवृत्तीत नेता येतं, उलटं नेता येत नाही. आणि 'अकाउंटसकट स्वस्त मॉड्यूल' कोणी देत असेल तर घेऊ नका. मॉड्यूल खात्याला बांधलेलं असतं. मूळ मालकानं पासवर्ड परत मिळवला की तुमच्या हाती काही उरत नाही.

दुकानात येताना 'सेव्ह्ड गेम्स'मधल्या 'डीसीएस'चा 'लॉग्ज' फोल्डर झिप करून आणा. क्रॅश झाल्यावर गेम पुन्हा सुरू करण्याआधीच तो कॉपी करा, कारण गेम सुरू झाला की लॉग नव्यानं लिहिला जातो. स्टिक तिच्या मूळ केबलसह आणि कोणत्या पोर्टला होती ते लिहून आणा. लॉग पाहण्याचे पैसे नाहीत.