समोरच्याच्या मनातलं आपल्याला खरंच कळतं का?

घरातल्या कोणालातरी समोर बसवा आणि 'सुखकर्ता दुःखहर्ता'ची चाल टेबलावर नुसती बोटांनी वाजवून दाखवा, काय वाजवताय ते अजिबात सांगू नका. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने पीएचडीसाठी साधारण हेच केलं होतं, गाणी अर्थातच तिकडची. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी ओळखतीलच, आणि १२० पैकी ओळखली गेली फक्त ३! वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द, चाल, ढोलकी सगळं चालू असतं ना, समोरच्याला ऐकू येते ती फक्त टकटक, पण हे वाजवताना लक्षातच येत नाही.

दुसऱ्याचं मन ओळखण्याची सगळी भानगड इथेच आहे. आपल्याला जे माहितीये ते त्याला माहीत नाही, हे धरून चालणं मेंदूला जड जातं. १९८३ मध्ये विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना मॅक्सीची गोष्ट सांगितली, मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, तेवढ्यात आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते, तर आता तो आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची पोरं बिनधास्त नवीन कपाट दाखवतात, कारण चॉकलेट तिथे आहे हे *त्यांना* माहितीये. साधारण चार-पाच वर्षांची झाली की बरोबर उत्तर यायला लागतं. मेंदूत उजव्या कानाच्या थोडं वर आणि मागे एक भाग आहे, दुसरा काय विचार करतोय याचा विचार करताना तो खास कामाला लागतो, हे मेंदूवर संशोधन करणाऱ्या रेबेका सॅक्सने २००३ मध्ये स्कॅन करून दाखवलं. (मिरर न्यूरॉनवर, म्हणजे दुसऱ्याची कृती नुसती बघूनही चालू होणाऱ्या मेंदूतल्या पेशींवर, सगळं ढकलणारे फॉरवर्ड येतात ते सोडून द्या, ते आधी सापडले माकडांत आणि त्यांच्यावर माणसाच्या सहानुभूतीचा अख्खा डोलारा उभा करणं जरा जास्तच होतं.)

मोठे झालो म्हणून सुटलो असंही नाही, आणि जवळच्या माणसाच्या बाबतीत तर जास्तच फसतो. २०११ च्या एका अभ्यासात नवराबायकोला पाठीला पाठ लावून बसवलं, एकाने दोन अर्थ निघतील असं वाक्य बोलायचं, दुसऱ्याने नेमका अर्थ ओळखायचा. आपल्या माणसाला कळेलच अशी खात्री भरपूर, पण अनोळखी माणसांपेक्षा नवराबायको काही जास्त बरोबर ओळखत नव्हते.

मग 'त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ' हा सल्ला? एयाल, स्टेफेल आणि एप्ली या तिघा संशोधकांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांत तेच तपासलं आणि त्याने अंदाज काही सुधारला नाही. कामाला आलं ते सरळ त्या माणसाशी बोलून विचारणं, बास.

ही पद्धत आपल्याकडे मुंबईत संध्याकाळच्या कर्जत फास्ट लोकलला रोज चालते. दादरला चढलेला माणूस बसलेल्यांचे चेहरे वाचत बसत नाही, सरळ 'कुठे?' विचारतो, कोणी 'ठाणे' म्हणालं की सीट बुक, आधीच कोणी सांगून ठेवली असेल तर पुढच्याला 'डोंबिवली?'. खिडकीपाशी झोपलेल्याला मात्र कोणी उठवत नाही, त्याच्या शेजारच्याला विचारतात, आणि तो शेजारचा पण डोळे न उघडता सांगतो, 'कल्याण, रोजचा आहे.'