एलईडीची पहाट टकटक का उजाडते?

धान कापून घरात आलं की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाहून नाटक कंपनी येते, गाव रात्रभर जागतं. यंदा आमच्याकडच्या नाटकात हॅलोजनचे 'पार कॅन', म्हणजे डब्यासारखे रंगमंचाचे दिवे, जाऊन एलईडी आले. दुसऱ्या अंकात पहाट होती. काळोखातून निळसर उजेड हळूहळू वर यायला हवा. आला तो जिना चढल्यासारखा. टक, टक, टक. शेजारचे काका म्हणाले, "लाइटवाल्याचा हात कापते जी." पुढच्या पोराच्या मोबाइलमध्ये तर रंगमंचावर काळे पट्टे सरकत होते. नजर लागल्याची कुजबुज झाली आणि तिसरा अंक उघडेपर्यंत जनरेटरला लिंबू-मिरची बांधलेली!

बचतीबद्दल वाद नाही. 1000 वॉटचे बारा हॅलोजन पाच तास चालले तर 60 युनिट जातात, 150 वॉटचे बारा एलईडी 9 युनिटांत भागवतात. शिवाय हॅलोजनपुढे निळा जिलेटिन कागद लावला की बहुतेक उजेड त्या कागदातच मरतो. एलईडी निळा प्रकाशच तयार करतो.

पण खरी गंमत मंद करण्यात आहे. हॅलोजनची तार तापून उजळते. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 100 वेळा तारेला मिळणारी शक्ती शून्यावर येते. तरी तार तेवढ्यात निवत नाही. चुलीतल्या निखाऱ्यासारखी ती प्रत्येक बदल सावकाश पचवते. एलईडीला असा धीर नाही. वीज आली की पेटला, गेली की विझला. म्हणून बहुतेक एलईडी मंद करताना ते सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करतात. चालू राहण्याचा वाटा जितका कमी, तितका उजेड कमी. डोळा सरासरी पाहतो. मोबाइलचा कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो. दिवा विझलेला असताना टिपलेल्या ओळी काळ्या पडतात. झाली नजरेची उकल.

आता टकटक. लाइटच्या टेबलाकडून दिव्यापर्यंत हुकूम जातो तो डीएमएक्स 512 या पद्धतीने. ती 1986 सालची. तिच्या एका चॅनलवर, म्हणजे हुकमाच्या एका वाटेवर, 0 ते 255 एवढेच आकडे मावतात. 200 वरून 201 वर गेलं तर उजेड अर्धा टक्का वाढतो, कुणाला कळतही नाही. 1 वरून 2 वर गेलं तर तो थेट दुप्पट! डोळा फरक मोजतो तो आधीच्या उजेडाच्या प्रमाणात, साधारण एक-दोन टक्के बदल त्याला जाणवतो. म्हणजे जेवढा आकडा तेवढा उजेड अशा सरळ हिशोबाने चालणाऱ्या दिव्यात पहिल्या 50 ते 100 पायऱ्या डोळ्याला बोचणार, आणि पहाट नेमकी तिथेच उजाडते. हॅलोजनलाही हेच आकडे मिळत होते, पण तारेच्या आळसात पायऱ्या विरघळून जायच्या.

एलईडीच्या खोक्यावर मोठमोठ्या अक्षरांत वॉट छापलेले असतात, दिवा किती पायऱ्यांनी मंद होतो हे मात्र सहसा नसतं. दिवा घेताना 16 बिटची सोय आहे का, ते विचारावं. त्यात एका रंगाला दोन चॅनल जोडतात आणि 256 ऐवजी 65,536 पायऱ्या मिळतात. लाल, हिरवा, निळा, पांढरा असे चार रंग धरले तर एका दिव्याला आठ चॅनल, बारा दिव्यांना 96. एका वायरवर 512 मावतात.