चित्रकथेची मूळ फाइल आणा, स्क्रीनशॉट नको
(वर्गात ऑनलाइन कार्टून तयार करून घेणाऱ्या शिक्षकांसाठी)

कॅनव्हा, मेकबिलीफ्सकॉमिक्स अशा मोफत साधनांवर मुलांनी केलेल्या चित्रकथा छापायला ठाणे, कळवा, ऐरोलीहून शिक्षक नौपाड्यातल्या आमच्या दुकानात येतात. पात्रं कशी निवडायची, चौकटी कशा मांडायच्या हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. हे पत्रक त्यापुढच्या कामासाठी.

काम बहुतेक वेळा एकाच गोष्टीने अडतं. तयार चित्रकथेचा स्क्रीनशॉट काढून तो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला जातो. प्रोजेक्टरवर तो छान दिसलेला असतो, त्यामुळे कागदावरही तसाच येईल असं वाटणं साहजिक आहे. पण बऱ्याच साध्या लॅपटॉपची स्क्रीन १३६६ बाय ७६८ ठिपक्यांची असते आणि आडवा ए३ कागद साडेसोळा इंच रुंद. म्हणजे इंचामागे जेमतेम ८३ ठिपके. स्वच्छ छपाईला ३०० लागतात, २०० पर्यंत आम्ही निभावून नेतो. त्यात व्हॉट्सअ‍ॅप फोटो आणखी दाबून पाठवतं. चित्र एक वेळ खपून जातं, संवादाच्या फुग्यातली अक्षरं खपत नाहीत. अनुस्वार, रफार, ‘कु’ आणि ‘कू’मधला फरक आधी पुसला जातो. मग भिंतीवरची चित्रकथा मुलांनी वाचायची कशी?

अशी फाइल आम्ही परत करतो तेव्हा काही सर, बाई नाराज होतात. दुसरीकडे लगेच छापून मिळतं, असंही सांगतात. छापून आम्हीही देऊ शकतो. पण एखाद्या मुलीने डोकं लढवून चार चौकटींत बसवलेलं जलचक्र धूसर छापायचं आणि वर त्याचे पैसे घ्यायचे, हे आम्हाला पटत नाही. म्हणूनच मोठ्या कामाआधी एक नमुना प्रत काढून तुमच्या हातात देतो. स्क्रीनवरचे भडक निळे-हिरवे रंग कागदावर थोडे मंद येतात, तेही त्यात आधीच कळतं.

कॅनव्हात ‘शेअर’मधून ‘डाउनलोड’ला जा आणि ‘पीडीएफ प्रिंट’ निवडा. पीडीएफ मिळत नसेल तिथे मिळेल तेवढ्या मोठ्या आकाराची पीएनजी (चित्राची फाइल) घ्या. फाइल पेन ड्राइव्हवर आणा, ईमेल करा किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पान सुरुवातीलाच ए४ किंवा ए३ ठेवा, कारण मागाहून आकार बदलला की फुगे सरकतात. फुगे कडेपासून १० मिलीमीटर आत असू द्या. मुकुटाचं चिन्ह असलेली चित्रं मोफत खात्यात वापरली तर त्यांवर वॉटरमार्क, म्हणजे फिकट छाप येतो, तो आम्ही पुसून देत नाही.

मराठी अक्षरांची थोडी काळजी घ्यावी लागते. काही साधनांत जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरपद्धत) नसलेल्या टंकातला, म्हणजे फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर नुसती चिन्हं उमटतात. मुक्ता, बालू किंवा कलम हे युनिकोड टंक मिळाले तर ते घ्या. तरीही जमलं नाही, तर फुगे रिकामे ठेवून संवाद वेगळे पाठवा, आम्ही ते जागेवर बसवून देतो. ही सोय बऱ्याच शिक्षकांना ठाऊक नसते.

मुलांचे फोटो आणि पूर्ण नावं साधनावर चढवू नका. अनेक साधनांच्या अटींनुसार १३ वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं खातं उघडता येत नाही, तेव्हा काम तुमच्या खात्यातून करून घ्या. नावं छापतेवेळी आम्ही घालू.

वर्गाच्या सगळ्या चित्रकथांची मिळून पुस्तिका हवी असेल तर मधोमध पिना मारून तीही करून देतो. मुखपृष्ठासकट पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच २८ ला विज्ञान दिन, त्यामुळे त्या आठवड्यात दुकानात गर्दी असते. त्या दिवसांसाठीच्या फाइल २० तारखेपर्यंत पोचल्या, तर नमुना पाहून दुरुस्ती करायला तुम्हालाही वेळ मिळेल.