एकोणपन्नास लिहायला किती वेळ लागतो?

संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाशी तीन मुलं अभ्यासाला बसतात: पाच वर्षांची भाची, तिचा दुसरीतला भाऊ आणि वरच्या मजल्यावरची आठवीतली मुलगी. परवा भाच्याला म्हटलं, "एकोणपन्नास लिही." त्याने ५ काढला, थांबला, शेजारी ९ काढला. ५९. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पेन्सिल चावत तो आकड्याकडे बघत राहिला. मग खोडरबर त्यानेच उचलला.

तेवढ्या वेळात त्या पोराने केवढं काम केलं! पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस. लिहायचे मात्र आधी २. जर्मन भाषेतही असाच उलटा क्रम आहे आणि तिथली मुलंही आकड्यांची अदलाबदल करतात. 'एकोण' त्याहून अवघड. कानावर 'पन्नास' पडतं, पण लिहायचं चाळिशीच्या घरातलं. हे सगळं डोक्यात धरून ठेवायची जागा, म्हणजे कार्यकारी स्मृती, मोठ्यांचीही लहानच असते. सात वर्षांच्या मुलाची तर आणखी लहान. मध्येच आपण "अरे, सोपं आहे!" म्हटलं की धरून ठेवलेलं सांडतं आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मुलांना जोडाक्षरं जड जातात, असं गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या. मला स्वतःला 'एकोणपन्नास' सोडवत नाही, पण मुलांची अडचण खरी आहे, हे मी रोज बघते.

शिक्षक किती वेळ थांबतात, हे अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास वर्गातलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद! त्याच शिक्षकांनी तीन सेकंद थांबायची सवय केली, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. घड्याळ लावून बघा, तीन सेकंद फार मोठे वाटतात.

भाचीच्या बाबतीत मात्र नुसतं थांबून भागत नाही. तिच्यापुढे बटणांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या. "दोन्हीत सारखी?" "हो." मग एक ओळ पसरून पुन्हा तेच विचारलं. "ही जास्त," ती लांब ओळीवर बोट ठेवून म्हणाली. या वयात मूल लांबीला भुलतं, हे स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी दाखवलं होतं. पुढे जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी गंमत केली: ओळ मोठ्या माणसाने न हलवता एका खोडकर टेडीने 'चुकून' विस्कटली. आता चार ते सहा वर्षांच्या कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला, म्हणजे आपलं आधीचं उत्तर चुकलं असणार, असाही अर्थ मूल काढतं. हे वाचल्यापासून मी "नक्की ना?" विचारणं सोडलंय. परवा तिच्या ससुल्याने ओळ उधळली, तेव्हा ती खदखदून हसली आणि म्हणाली, "तेवढीच आहेत की!"

आठवीतल्या मुलीला दोन्ही उपाय लागू पडत नाहीत. समीकरणात चिन्ह चुकलं की मी शेजारी शांत बसलेलीही तिला टोचते. मेंदूच्या पुढच्या भागाची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालूच असते, आणि कुणी आपल्याकडे बघतंय ही जाणीव या वयात फार तीव्र असते. म्हणून मी उठते, कुकर लावते. तीन शिट्ट्या होईपर्यंत टेबलाकडे पाठ. परत येते तेव्हा वहीत उणेचं अधिक झालेलं असतं आणि ती पुढच्या गणितावर गेलेली असते.