गुळणी की उलटी? बाळाने दूध काढलं की आधी जोर बघा

"बाळ सारखं उलटी करतंय" म्हणून घाबरतात तेव्हा बहुतेक वेळा ती साधी गुळणी असते, आणि "अगं काही नाही, बाळं दूध काढतातच" म्हणून सोडून देतात त्यात कधीकधी खरी उलटी निघते. घोळ दोन्हीकडून होतो.

गुळणी तर सगळ्यांनी बघितलेली असते. पिऊन झालं, ढेकर निघाला, ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं, बाळाला पत्ताही नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली झडप अजून ढिली असते एवढंच, चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त होतं आणि वर्षाचं होईपर्यंत बहुतेकांचं थांबतं. किती आलं त्यावरून काही ठरवू नका, चमचाभर दूध दुपट्यावर सांडून बघा केवढा डाग पडतो. आणि फाटलेलं दूध आलं म्हणजे पोटातल्या आम्लाने आपलं काम केलं, बाकी काही नाही. यावरून "आईचं दूध पचत नाही" ठरवून अंगावरचं दूध तोडायला सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

फरक आहे तो जोराचा. उलटीत बाळ आधी कासावीस होतं, पोट आवळतं आणि मग दूध भसकन बाहेर येतं. जास्त पाजलं गेलं तर एखादी अशी होतेही. पण जन्मल्यापासून दोन-तीन आठवडे सगळं छान आणि मग दर पाजण्यानंतर उलटी, रोज आदल्या दिवसापेक्षा जोरात, पिचकारीसारखी लांब उडणारी, असं असेल तर थांबायचं नाही. जठरातून आतड्यात जायच्या तोंडाशी असलेला स्नायू जाड होतो आणि वाट अरुंद होत जाते, याला पायलोरिक स्टेनोसिस म्हणतात, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त दिसतो. आणि इथेच सगळे फसतात, कारण उलटी झाल्या झाल्या बाळ परत दूध मागतं, अधाशासारखं पितं, मग घरचे म्हणतात भूक लागतेय ना, मग कसला आजार! अहो, दूध पुढे जातच नाहीये म्हणून तर ती भूक आहे. भुकेवर जाऊ नका, लघवी आणि वजन बघा. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत, ते कमी झाले, वजन अडकलं किंवा उतरलं की त्याच दिवशी डॉक्टर. सोनोग्राफीत कळतं, छोटं ऑपरेशन होतं आणि बाळ नीट प्यायला लागतं.

हिरव्या उलटीला मात्र जोरबिर काही बघायचा नाही, एकदाच झाली तरी तडक हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी, कारण आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. उलटीत रक्त दिसलं, पोट फुगून कडक झालं, बाळ मलूल पडलं किंवा 38 डिग्री सेल्सिअसच्या वर ताप गेला तरी तेच.

नुसत्या गुळणीला औषध नको. थोडं थोडं पाजा, मध्ये ढेकर काढा, नंतर वीसेक मिनिटं उभं धरा. दूध घशात जाईल या भीतीने पालथं किंवा कुशीवर झोपवतात ते तर अजिबात करू नका, पाठीवरच झोपवायचं, गुळणी काढणाऱ्या बाळालाही.

तरी कळत नसेल तर पुढच्या वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा, "खूप जोरात होते" हे ऐकून त्यांना जे कळणार नाही ते बघून लगेच कळतं.