हृदय व रक्ताभिसरण

हृदय हा स्नायूंचा बनलेला पोकळ अवयव असून आकुंचन-प्रसरणाने तो शरीरभर रक्त फिरते ठेवतो. प्रौढ व्यक्तीचे हृदय मुठीएवढे, साधारण २५० ते ३५० ग्रॅम वजनाचे असते. ते छातीत दोन फुप्फुसांच्या मध्ये वसलेले असून त्याचे टोक खाली डावीकडे झुकलेले असते. विश्रांतीच्या वेळी ते मिनिटाला ६० ते १०० ठोके देते आणि दर ठोक्याला प्रत्येक निलयातून (खालच्या कप्प्यातून) सुमारे ७० मिलि. रक्त बाहेर पडते. म्हणजे मिनिटाला अंदाजे ५ लिटर. शरीरातले एकूण रक्तही साधारण तितकेच असते. जोराच्या व्यायामात मिनिटाला बाहेर पडणारे रक्त चौपट होऊ शकते.

नाडी आणि ठोका आकुंचनामुळे जाणवतात, म्हणून हृदयाची माहिती देताना सगळा भर आकुंचनावर पडतो. दोन ठोक्यांमधला हृदय सैल पडण्याचा काळ त्यामुळे दुर्लक्षित राहतो. वास्तविक याच काळात हृदय रक्ताने भरते आणि याच काळात त्याच्या स्वतःच्या स्नायूला पुरेसे रक्त मिळते. पुढे दिलेल्या बऱ्याच विकारांचा उलगडा इथून होतो.

रचना व रक्ताचा मार्ग

हृदयाचे कप्पे चार: वर दोन अलिंदे, खाली दोन निलये. शरीरभरातून परतलेले, ऑक्सिजन कमी झालेले रक्त उजव्या अलिंदात येते, तिथून उजव्या निलयात उतरते आणि फुप्फुस धमनीवाटे फुप्फुसांत जाते. ऑक्सिजन घेतलेले रक्त डाव्या अलिंदात परतते, डाव्या निलयात शिरते आणि महाधमनीतून सर्वांगाला मिळते. दोन्ही निलये मिनिटाला सारखेच रक्त ढकलतात, पण फुप्फुसांचा मार्ग आखूड आणि कमी विरोधाचा असल्यामुळे उजव्या निलयाला सुमारे २५ मिमी. पारा एवढा दाब पुरतो. डाव्याला १२० च्या आसपास निर्माण करावा लागतो. उजव्या निलयाची भिंत ३ ते ५ मिमी. आणि डाव्याची सुमारे १० मिमी. जाड असते, ती याच कारणाने.

रक्त उलटे जाऊ नये म्हणून चार झडपा असतात. त्यांना उघडमिटीसाठी स्वतःचे बळ नसते. अलीकडचा दाब वाढला की त्या उघडतात, पलीकडचा वाढला की मिटतात. अलिंद-निलयांमधल्या झडपांच्या पाकळ्या दोऱ्यांसारख्या तंतूंनी निलयाच्या भिंतीला बांधलेल्या असतात, त्यामुळे जोराच्या दाबाखालीही त्या वर उलटत नाहीत. छातीवर ऐकू येणारा ‘लब्ब’ हा आवाज या झडपा मिटतानाचा आणि ‘डब्ब’ हा महाधमनी व फुप्फुस धमनीच्या झडपा मिटतानाचा.

ठोक्याचा विद्युत संदेश उजव्या अलिंदाच्या वरच्या भागातील सायनस नोड या पेशीपुंजात निर्माण होतो. तो अलिंदांत पसरतो आणि अलिंद-निलयांच्या सीमेवरील एव्ही नोड या दुसऱ्या पेशीपुंजात साधारण ०.१ सेकंद अडखळतो. हा विलंब उपयोगाचा आहे, कारण तेवढ्यात अलिंदे आपले रक्त निलयांत रिकामे करतात. नंतर वाहक तंतूंच्या जाळ्यातून संदेश निलयांत झपाट्याने पोहोचतो. सायनस नोड बंद पडला तर एव्ही नोड मिनिटाला ४० ते ६० च्या गतीने काम चालू ठेवतो. तोही निकामी झाला तर निलये २० ते ४० च्या गतीने धडधडतात. ही गती मेंदूला पुरत नाही. चक्कर येते, शुद्ध हरपते. अशा वेळी पेसमेकर (ठोक्याचा विद्युत संदेश देणारे छोटे यंत्र) बसवावा लागतो.

रक्त चक्राकार फिरते हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडले. त्यांचा युक्तिवाद साध्या हिशेबाचा होता: दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त गुणिले ठोके एवढे नवे रक्त अन्नापासून तयार होणे शक्यच नाही, तेव्हा तेच रक्त परत येत असले पाहिजे. धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या त्यांना दिसल्या नव्हत्या. त्या मार्चेलो माल्पिगी यांनी १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकातून दाखवल्या.

ठोक्यांमधला काळ

मिनिटाला ७५ ठोके असतील तर एक ठोका ०.८ सेकंदांचा असतो. त्यात निलये सुमारे ०.३ सेकंद आकुंचन पावतात आणि ०.५ सेकंद सैल असतात. सैल पडताच अलिंदांतले बहुतेक रक्त आपसूक खाली वाहते. शेवटचा अंदाजे पाचवा हिस्सा अलिंदांच्या आकुंचनाने भरला जातो. भरलेल्या निलयात सुमारे १२० मिलि. रक्त असते, त्यातले ७० बाहेर जाते. बाहेर गेलेल्या या हिश्श्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात आणि तो निरोगी हृदयात ५५ ते ७० टक्के असतो. इको तपासणीच्या (ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याच्या) अहवालात ‘ईएफ’ म्हणून लिहिलेला आकडा हाच.

ठोके वाढतात तेव्हा आकुंचनाचा वेळ थोडाच कमी होतो. खरी कपात सैल काळात होते. हृदयाला रक्त देणाऱ्या दोन हृद्‌धमन्या महाधमनीच्या मुळाशी फुटतात. त्यांच्या शाखा डाव्या निलयाच्या जाड भिंतीत शिरलेल्या असल्यामुळे आकुंचनात त्या दाबल्या जातात आणि प्रवाह मुख्यतः सैल काळात होतो. शिवाय हृदयाचा स्नायू विश्रांतीतही रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतो, म्हणून गरज वाढली की जास्त रक्त आणणे एवढाच मार्ग उरतो. अरुंद हृद्‌धमनी असलेल्या माणसाला जिना चढताना छातीत दुखते ते यामुळे: गरज वाढलेली, भरण्याचा वेळ घटलेला आणि वाट चिंचोळी. ठोके मंद करणारी बीटा ब्लॉकर औषधे या दुखण्यात गुणकारी ठरतात त्यामागेही हाच हिशेब आहे.

रक्तवाहिन्या आणि रक्तदाब

महाधमनी लवचीक असते. आकुंचनात ती फुगते आणि सैल काळात पुन्हा आक्रसून रक्त पुढे सरकवत राहते. वयानुसार ती ताठर झाली की वरचा (आकुंचनातला) दाब वाढतो आणि खालचा (सैल काळातला) तसाच राहतो किंवा उतरतो. वृद्धांत १६०/७० असा दाब आढळतो तो यामुळे. प्रवाहाला खरा विरोध करतात त्या बारीक धमनिका. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो, म्हणून धमनिकांच्या थोड्याशा आकसण्यानेही दाब बराच बदलतो. रक्ताचा सुमारे दोन तृतीयांश साठा कोणत्याही क्षणी शिरांमध्ये असतो. उभे राहताच अर्धा लिटरहून अधिक रक्त पोट आणि पायांकडे उतरते. मानेच्या धमन्यांतील दाबसंवेदक ते ओळखून ठोके वाढवतात व वाहिन्या आकसतात. ही यंत्रणा उणी पडली, उदाहरणार्थ शरीरातले पाणी कमी झाल्यावर किंवा दाबाच्या गोळ्या जास्त झाल्यावर, तर अंधारी येते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती तक्रार डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे.

दवाखान्यात पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा अधिक दाब आढळला तर त्याला सर्वसाधारणपणे उच्च रक्तदाब म्हणतात. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० ही मर्यादा धरली जाते. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास जाणवत नाही. डोके दुखत नाही म्हणजे दाब ठीक आहे, ही समजूत फार घातक आहे. दाब वर्षानुवर्षे चढा राहिला की डाव्या निलयाची भिंत जाड होते, मूत्रपिंड, मेंदू आणि डोळ्यांच्या बारीक वाहिन्या खराब होतात.

मोजण्यातल्या चुकांमुळे अनेकांना नको असलेली औषधे सुरू होतात, तर काहींचा दाब निसटून जातो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा, लघवी करून यावे. पाठ टेकून, पाय न ओलांडता जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, बाहीवर नको. पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराचा किमान ७५ ते ८० टक्के भाग वेढणारी हवी. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर दाब खोटाच जास्त येतो. दंड हृदयाच्या पातळीत टेकलेला असावा: हात १० सेंमी. खाली लोंबत असेल तर आकडा ७-८ मिमी.ने वाढतो. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजावे आणि पुढे जास्त दाब दाखवणारा हात वापरावा.

मिठाचे प्रमाण दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. गोळ्या सुरू झाल्यावर आकडा सुधारला म्हणून त्या स्वतःहून बंद करू नयेत. आकडा गोळीमुळे सुधारलेला असतो.

हृद्‌धमनीविकार आणि झटका

धमनीच्या आतल्या अस्तराखाली एलडीएल हे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल साचते, त्याला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथेच फुगून मरतात आणि वर तंतूंचे आवरण तयार होते. या थराची वाढ अनेक दशके मुकाट्याने चालते. धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि आनुवंशिकता तिला वेग देतात. थराने वाट सुमारे ७० टक्के अडवली की श्रमात छाती आवळल्यासारखी होते आणि थांबल्यावर काही मिनिटांत बरे वाटते. हा अंजायना.

हृदयविकाराच्या झटक्याची तऱ्हा वेगळी आहे. थरावरचे पातळ आवरण फाटते, आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येतो आणि काही मिनिटांत गुठळी होऊन वाट बुजते. फाटणारा थर पुष्कळदा मोठा नसतो. त्यामुळे आदल्या महिन्यात ताण चाचणी (श्रम करायला लावून घेतलेली हृदयाची तपासणी) व्यवस्थित आलेल्या माणसालाही झटका येऊ शकतो. वाट पूर्ण बंद झाल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरू लागतो. सुरुवात भिंतीच्या आतल्या थरापासून होते आणि पुढच्या काही तासांत नाश बाहेरच्या बाजूकडे पसरतो. वाचवता येणारा स्नायू त्या तासांतच वाचतो.

छातीच्या मध्यभागी दडपण, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणे, दरदरून घाम, मळमळ ही नेहमीची लक्षणे. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीत न दुखता नुसता दम, कमालीचा थकवा किंवा पित्तासारखी जळजळ असू शकते. विश्रांतीतही १५-२० मिनिटे टिकणारे दडपण हे पित्त समजून घरी थांबू नये. रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये, चालतही जाऊ नये. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिग्रॅ. अ‍ॅस्पिरिन चावून घेतात; चावल्याने ते लवकर शोषले जाते. रुग्णालयात पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी (हृदयाच्या विद्युत संदेशांचा आलेख) व्हायला हवा. ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणाऱ्या प्रथिनाची) रक्तचाचणी अगदी सुरुवातीला निर्दोष येऊ शकते, म्हणून ती काही तासांनी पुन्हा करतात. ईसीजीवर धमनी पूर्ण बंद असल्याचे दिसले आणि अँजिओप्लास्टी (बारीक नळी घालून धमनीची वाट उघडणे) दोन तासांत शक्य असेल तर तीच उत्तम. नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तातडीने देतात.

लयीचे विकार आणि हृदय थांबणे

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये अलिंदे नीट आकुंचन न पावता नुसती थरथरतात आणि नाडी पूर्ण अनियमित होते. काही ठोके इतके लवकर पडतात की निलय भरलेलेच नसते. असा ठोका छातीवर ऐकू येतो पण मनगटाला जाणवत नाही. साचलेल्या रक्ताची डाव्या अलिंदात गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. धोका अधिक असलेल्या रुग्णांना म्हणूनच रक्त पातळ ठेवणारी औषधे देतात.

हृदय अकस्मात थांबणे आणि झटका या दोन गोष्टी एक नाहीत. झटक्यात रक्तपुरवठा तुटतो, माणूस बहुधा शुद्धीवर असतो. हृदय थांबते तेव्हा निलये बेताल थरथरतात, माणूस कोसळतो, प्रतिसाद देत नाही, श्वास थांबतो किंवा आचके येतात. आचक्यांना श्वास समजून वाट पाहू नये. मदतीला हाक मारून छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी. खोल दाबावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. हात टेकून भार ठेवला तर हृदय भरत नाही आणि हृद्‌धमन्यांतही रक्त जात नाही. प्रशिक्षण असेल तर ३० दाबांनंतर दोन श्वास द्यावेत, नसेल तर नुसते दाबत राहावे. डीफिब्रिलेटर (विजेचा धक्का देऊन लय पूर्ववत करणारे यंत्र) येताच तो सुरू करून त्याच्या सूचना पाळाव्यात.

झडपा, हृदय निकामी होणे, शिरा

स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंमुळे घसा दुखून आल्यावर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिज्वर (सांधे सुजवणारा ताप) होतो. सांधे बरे होतात, झडपा मात्र कायमच्या जाड होतात. डाव्या अलिंद-निलयांमधली झडप अशी चिंचोळी झाली की निलय भरायला जास्त वेळ लागतो. ताप, गरोदरपण किंवा जलद ठोक्यांत तेवढा वेळ मिळत नाही आणि रक्त मागे फुप्फुसांत तुंबून एकाएकी दम लागतो. संधिज्वर पुन्हा होऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे देतात. मुलाला बरे वाटते म्हणून ते सोडू नये.

हृदय निकामी होणे म्हणजे ते बंद पडणे नव्हे. शरीराला लागेल तेवढे रक्त पुरवणे त्याला जमत नाही. यातल्या बऱ्याच रुग्णांचे इजेक्शन फ्रॅक्शन ५० टक्के किंवा अधिक असते. त्यांचे आकुंचन चांगले असते, पण ताठर निलय सैल पडत नाही आणि भरत नाही. आकुंचन कमजोर असो वा भरणे अपुरे, दोन्ही प्रकारांत आडवे झाल्यावर दम लागतो, रात्री उशा वाढवाव्या लागतात, पाऊल सुजते. रोज सकाळी लघवीनंतर, खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करावे. तीन दिवसांत २ किलोहून अधिक वाढ झाली तर ते साचलेले पाणी समजून डॉक्टरांना कळवावे. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी शरीरात मीठ-पाणी साठते, ती टाळावीत.

पायांच्या शिरांतले रक्त वर चढते ते पोटरीच्या स्नायूंच्या दाबाने आणि शिरांतल्या एकमार्गी झडपांमुळे. झडपा गळू लागल्या की शिरा फुगून वाकड्या होतात. दीर्घकाळ हालचाल बंद राहिली, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, तर खोल शिरेत गुठळी होऊ शकते: एकच पोटरी सुजते, दुखते, गरम लागते. ती चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसांत गेली तर अचानक दम लागतो, श्वास घेताना छातीत कळ येते, कधी थुंकीतून रक्त पडते, आणि त्याच तासाला रुग्णालय गाठावे लागते.